तीन डोळ्यांचं गाऱ्हाणं

खोली दाखवायच्या आधी घरमालक काकांनी मला एका हॉलमध्ये नेलं, खिडक्या-दारं लावून घेतली आणि मिट्ट काळोखात कुठूनसं विचारलं, "समोर भिंतीर काय दिसता?"

मी घाटावरची. उपकेंद्रात नर्स म्हणून पहिलीच नेमणूक. दिवसभर एसटीत बसून हाडं खिळखिळी झालेली, हातात बॅग, आणि परक्या गावात परक्या म्हाताऱ्याबरोबर अंधारात उभी! दरदरून घाम फुटला मला. म्हटलं, "काही दिसत नाही. आणि आधी दार उघडा, नाहीतर ओरडेन."

"काय्येक दिसना नाय? अगदी काळा?"

"काळंकुट्ट!"

"बरा," ते समाधानानं म्हणाले. "यंत्र चालू आसा. तरी भिंत काळी. ह्येका म्हणतत काळो."

मग खट्ट आवाज झाला आणि त्या काळ्या भिंतीतून रंगवलेल्या तोंडाचा, मुकुटवाला एक पुरुषभर उंचीचा माणूस माझ्या अंगावर चालत आला. मी किंचाळलेच. बाहेरून काकीचा आवाज आला, "गो बाये, भिया नको! ह्यो माणूस सगळ्यांकाच असा करता. गॅसवाल्याकपण सोडल्यान नाय." खोली मिळाली. मी काळं ते काळं म्हणाले, म्हणून मिळाली, असं काकीनं नंतर सांगितलं. माझ्या आधी आलेला शिक्षक "राखाडी" म्हणाला होता, त्याला दुसरीकडे जागा बघायला सांगितली.

काका तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी केलेले. बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. परत येताना बाकीचे लोक अत्तरं नि घड्याळं आणत, ह्यांनी एक भलामोठा व्हिडिओ कॅमेरा आणला. त्यानंतर गावच्या जत्रेतला एकही दशावतार चुकवला नाही. कॅमेरा खांद्यावर घेऊन रात्रभर उभे राहायचे. पुढे गोव्यातल्या कुठल्याशा हॉटेलानं आपला व्हिडिओ हॉल मोडला, तेव्हा तिथला प्रोजेक्टर टेम्पोत घालून घरी आले. चार माणसांनी उचलायचं धूड ते. पुढे तीन भिंगं, आणि त्यांच्यामागे लाल, हिरवी, निळी अशा तीन नळ्या. प्रत्येक नळी आपल्या रंगाचं चित्र भिंतीवर टाकते, आणि तिन्ही चित्रं नेमकी एकावर एक बसली तरच माणूस माणसासारखा दिसतो. जरा सरकली की त्याच्या दोन्ही बाजूंना लाल-निळी भुतं उभी.

आता हे घर कुठे, तर देवबागच्या रस्त्याला. पुढल्या दारी समुद्र, मागल्या दारी खाडी. दोन्हीकडून खारी हवा. माझी नवी कात्री पहिल्याच पावसाळ्यात गंजली. तिथे ह्या जुनाट यंत्राचं काय होणार? नळ्या झिजलेल्या, सुटे भाग बनायचे कधीच बंद झालेले. तरी काका ते जगवत होते. पावसाळाभर त्याच्या पोटात एक साधा बल्ब पेटता ठेवायचे, आत दमट होऊ नये म्हणून. रोज संध्याकाळी जाऊन बघायचे, बल्ब आहे ना. देवाजवळचा दिवा काकी बघायची, हा दिवा काका.

त्यांची एक सवय गावात फार बदनाम होती. एक हात कायम पाठीमागे. कुणाशी बोलताना, देवळात उभे राहताना, अगदी मयताला गेले तरी. लोक म्हणत, बोटीवरून आला नि साहेब झाला. खरं कारण मला यंत्र उघडलेलं असताना कळलं. आत विजेचा दाब असा की बंद केल्यावरही नळीत मुक्काम करून राहतो. दोन्ही हात आत घातले तर एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून जाईल, वाटेत काळीज. म्हणून एकच हात आत, दुसरा पाठीमागे. जन्मभर हेच करून तो हात तिथेच राहिला होता.

दुसरी सवय म्हणजे गाऱ्हाणं. कोकणात कुठलंही काम काढायचं तर आधी देवापुढे उभं राहून मोठ्यानं सांगायचं, बाबा रे, असं असं करतोय, सांभाळून घे. एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" अशी साथ द्यायची. लग्नाला घालतात, होडी पाण्यात लोटताना घालतात. काका प्रोजेक्टर चालू करताना घालायचे. दर वेळी!

"बा देवा रवळनाथा! आज ह्या तीन डोळ्यांच्या यंत्राक लोकांसमोर उभा केलला आसा रे म्हाराजा! हिरव्याक ताकद दी, तांबड्याक अक्कल दी, निळ्याचो रुसवो काढ रे म्हाराजा! जा काय वाकडा आसात ता सरळ कर रे म्हाराजा!"

साथीला माणूस हवा. काकी स्पष्ट नाही म्हणायची. "यंत्राक कसला गाऱ्हाणा? देव काय वायरमन आसा?" त्यामुळे माझ्यावर वेळ आली. आमच्याकडेही व्हय म्हणतात, पण ते शेजारणीला. देवाला कसं म्हणायचं ते काकांनी शिकवलं. "घशातून नको गो, पोटातून मार," म्हणाले, आणि असा काही "व्हय म्हाराजा!" ठोकला की माडावरचे कावळे उडाले आणि ओसरीवरची मांजर न्हाणीघरात गेली.

कॅसेटच्या सुरुवातीला जत्रेतलं खरं गाऱ्हाणंही असायचं, पण ते काका कधीच लावत नसत. बटण दाबून थेट गणपतीच्या प्रवेशापर्यंत पळवायचे. "गाऱ्हाणा मी आताच घातलय. देवाक एकाच कामासाठी दोनदा हाक मारूची नाय." हा त्यांचा नियम होता. त्यांचे सगळेच नियम असे, विचारायची सोय नाही.

तिन्ही रंग जुळवायला बसले की अर्धा दिवस जायचा. आधी यंत्र चांगलं तापू द्यायचं, मग भिंतीवर उभ्या-आडव्या रेघांची जाळी टाकायची आणि एकेक रेघ दुसरीवर आणून बसवायची. "हिरवो घरचो माणूस, तेका हलवचा नाय. तांबडो पावणो, तेका हाताक धरून हाडूचो. निळो रुसललो जावय. तो सगळ्यात शेवटाक येतलो, आणि येवन पण पुरतो येवचो नाय." मी भिंतीजवळ उभी राहून ओरडायचं, वर, खाली, डावीकडे. ड्युटी करून आलेली मी, पाय दुखताहेत, पोटात भूक, आणि हे विचारताहेत, "केसभर उजवीकडे व्हया काय?" चिडून एकदा म्हटलं, काका, केसभर कुणाला दिसतंय? ते म्हणाले, "आवशीक दिसता." म्हणजे आईला दिसतं.

ही आई कोण, ते सांगते. पितृपक्षातल्या श्राद्धाला इकडे म्हाळ म्हणतात. ज्याच्या घरी ज्या तिथीला म्हाळ, त्या घरची माणसं दुपारची जेवणं उरकून काकांच्या हॉलमध्ये यायची. कारण गावातले निम्मे मेलेले पुरुष काकांच्या कॅसेटमध्ये होते. कुणाचा आजा संकासुर, कुणाचा बाप पखवाजावर, कुणाचा काका नुसताच पुढे बसून शेंगदाणे खाणारा. काका कॅसेट लावायचे आणि माणूस भिंतीवर उभा राहायचा. माणसाएवढा माणूस. मी पहिल्या वर्षी हे बघितलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला आणि थोडा रागही आला. गेलेल्या माणसाला असं नाचवायचं? मग ती म्हातारी आली.

देवबागची, होडीवाल्यांच्या घरातली. तिचा मुलगा दशावतारात बायकांची कामं करायचा. एकदा होडी घेऊन गेला तो आलाच नाही. होडीचं फळकूटसुद्धा मिळालं नाही. म्हातारी दर म्हाळाला यायची, आणि मुलगा भिंतीवर आला की उठून सरळ पुढे चालायला लागायची. प्रोजेक्टरच्या वाटेत कुणी आडवं गेलेलं काकांना खपत नसे, एकदा सरपंचाला खाली बसवला होता त्यांनी. पण तिला कधी काही बोलले नाहीत. ती भिंतीजवळ गेली की मुलाच्या शालूचे रंग तिच्या पांढऱ्या केसांवर नि पाठीवर पडायचे. हात लावून ती विचारायची, "पान ठेवललंय. जेवलंस मां रे?" आणि परत येऊन बसायची.

त्यानंतर केसभर उजवीकडे हवं असलं तरी मी ते ओरडून सांगत गेले.

एका वर्षी म्हाळ तोंडावर आले आणि हिरवी नळी आंधळी झाली. नळी तापू नये म्हणून तिच्या काचेपुढे एक स्वच्छ द्रव भरलेला असतो, त्यात बुरशी धरली होती. नवा द्रव मुंबईहून यायचा होता, तो येईना. काकांनी दोन दिवस येरझाऱ्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी काकीची खोबरेल तेलाची बाटली पळवली. तेल फडक्यातून गाळलं, आत भरलं, मेडिकलमधून माझ्याकडून मोठी सिरिंज मागवून एकेक बुडबुडा ओढून काढला. आणि काय सांगू, चित्र असं लख्ख आलं! म्हाळ पार पडले, दसरा झाला, दिवाळी झाली. काका छाती काढून हिंडत होते.

मार्गशीर्षात जत्रेला एक कुटुंब मुंबईहून आलं. आजोबांना बघायचं होतं त्यांना, जुने संकासुर. सकाळची वेळ, बाहेर चांगलीच थंडी. काकांनी गाऱ्हाणं घातलं, मी साथ दिली, यंत्र चालू झालं, आणि भिंतीवर सगळे दशावतारी जांभळे! हिरवा पार गायब. काकांनी ताबडतोब बंद केलं. झाकण काढून बघतात तर हिरव्या नळीपुढे पांढराशुभ्र गोळा. काकी आली, वाकून बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अहो, थंडीत माझी बाटली उन्हात ठेवूची लागता ती इसारलास?"

मग त्या यंत्राला शेक दिला आम्ही. काकी तव्यावर फडकी गरम करून आणत होती आणि मी ती नळीच्या घराभोवती धरत होते, बाळंतिणीला देतात तसा. मुंबईची माणसं रांगेत बसून बघताहेत. तेल हळूहळू वितळलं, भिंतीवर हिरवा परतला आणि आजोबा संकासुराच्या काळ्या अंगरख्यात नाचायला लागले. त्यांचा नातू, चांगला मिशावाला माणूस, हमसून रडला. काका मात्र सगळा वेळ गंभीर होते. म्हणाले, "यंत्र आता हयच्या हवेचा झाला. तेका पण थंडी वाजता." नंतर मुंबईचा द्रव आला तेव्हा ते तेल काढलं, काकीनं ते समईत घातलं.

काकांच्या पुतण्यानं मध्ये एकदा सगळ्या कॅसेट उतरवून घेतल्या आणि नवा, डब्याएवढा प्रोजेक्टर आणला. चित्र उजळ, रेघन्‌रेघ स्पष्ट. लोकांना आवडलंही. पण त्यात काळं ते काळं नव्हतं. जत्रेतला काळोख राखेसारखा दिसत होता. देवबागची म्हातारी थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "रात खंय गेली?" काका उठले, खांद्यावरचा पंचा त्या डब्यावर घातला आणि आपल्या यंत्राकडे वळले.

भांडण मात्र एकदा ऐकलं मी. भिंत पातळ होती, आणि काकीचा आवाज काही पातळ नव्हता. "गावातले सगळे मेलले तुमच्याकडे आसत. तुमी खंय आसास? एका तरी कॅसेटीत आसास? उद्या गेलास तर मी काय बघू? भिंत?"

"कॅमेरो कोण धरतलो मगे? मी फुडे गेलय तर सगळाच वाकडा येतला."

काका हसले. काकी हसली नाही. दुसऱ्या दिवशी मी माझा मोबाईल काढला नि म्हटलं, काका, बसा, तुमचा व्हिडिओ काढते. त्यांनी मला हाकललं. "बोटभर माणूस काढून काय करतलंस?" लग्नातला एक फोटो होता भिंतीवर, त्यातही ते हलले होते. पुसट.

माझी बदली ओरोसला झाली. पुढे चैत्रात काकांना तिथेच दवाखान्यात आणलं. काळीज थकलं होतं. सलाईन लावायला हात शोधते तर डावा हात पाठीखाली. मी ओढून काढला, त्यांनी परत नेला. "काका, इथे कसली वीज नाही," म्हटलं, "द्या हात." तेव्हा दिला. काकीला जवळ बोलावलं, म्हणाले, "पाऊस येतलो. बल्ब." बाकी काही नाही. चाळीस वर्षांच्या संसारात शेवटचं बोलणं हे! मला त्या माणसाचा इतका राग आला की वॉर्डाच्या बाहेर जाऊन रडले.

वर्षश्राद्ध झालं आणि भाद्रपदात त्यांचा पहिला म्हाळ आला. काकीचा फोन आला. "तू ये. यंत्र लावूचा आसा."

"काकी, पण कुठली कॅसेट लावायची? ते तर..."

"माका म्हायती आसा ते खंयच नाय ते. तरी लावूचा. सगळ्यांका दाखवल्यानी, तेंच्या म्हाळाक भिंत रिकामी ठेवतलंय मी?"

आदल्या दिवशी मिळेल ती बस पकडून गेले. हॉलमध्ये दोन पावसाळे माणूस नाही, म्हणजे आत नुसता गंज असणार असं धरून गेले होते. दार उघडलं तर काळोखात यंत्राच्या पोटात बल्ब पेटलेला. मी काकीकडे बघितलं. ती म्हणाली, "बल्ब दोनदा गेलो. बदललंय मी."

आत कोरडं ठणठणीत. पण चालू केलं तर भिंतीवर तीन चित्रं तीन दिशांना. आतली एक छोटी बॅटरी संपली होती, तिच्यावर सगळी जुळणी लक्षात ठेवलेली असते. काकांनी वर्षानुवर्षं केसभर केसभर करून बसवलेलं सगळं यंत्र विसरून गेलं होतं. बॅटरी बदलली मी, पण जुळणार कसं? मी तर फक्त भिंतीजवळ उभं राहून ओरडलेली बाई. हात पाठीमागे घेतला, बटणांवर दुसरा ठेवला, आणि थांबले.

मागून काकीचा आवाज आला. "हिरव्याक हात लावू नको. तांबडो आदी घे. वायच खाली हाड."

मी वळून बघितलं. काकी खुर्चीत बसली होती, डोळे बारीक करून भिंतीकडे बघत. यंत्राला नाही नाही ते बोलणारी, कधी हॉलच्या उंबऱ्याआत येऊन न बसलेली. स्वयंपाकघरात बसून सगळं ऐकलं होतं तिनं. "अजून खाली. बस, रव. आता डाव्या कोपऱ्याक बघ, थय तो नेहमी लबाडी करता." संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी भांडत, चहा पीत जुळवत होतो. निळा शेवटी आला. पुरता आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल भरला. देवबागची म्हातारी आली, पुतण्या आला, संकासुराचा नातूसुद्धा मुंबईहून आला होता. खिडक्या लावल्या. भिंत काळी झाली. मी यंत्राजवळ उभी राहिले आणि तेव्हा ध्यानात आलं, आता गाऱ्हाणं. सगळे माझ्याकडे बघताहेत. मी तोंड उघडलं, "बा देवा..." म्हटलं, आणि पुढे आवाजच फुटेना.

"रवांदे," काकी म्हणाली. "कॅसेटीर आसा मां गाऱ्हाणा? आज पयल्यापासून लाव. पळवू नको."

लावली. जत्रेतलं देऊळ, पेट्रोमॅक्स, भोवती काळीभोर रात्र. पांढऱ्या धोतरातले गावकर, म्हणजे देवळाचे मानकरी, हातात नारळ घेऊन उभे राहिले. "बा देवा रवळनाथा! आज सालाबादप्रमाणे तुजी जत्रा भरलेली आसा रे म्हाराजा!"

आणि कॅमेऱ्याच्या मागून, इतक्या जवळून की स्पीकरची जाळी थरथरली, "व्हय म्हाराजा!"

पोटातून मारलेला. त्या आवाजासरशी भिंतीवरचं सगळं चित्र, देऊळ, माणसं, रात्र, एकदम हललं, कारण कॅमेरा त्यांच्याच खांद्यावर होता. गावकर पुढचं बोलले, परत तोच आवाज, परत चित्र हललं. भिंतीवर सगळं गाव होतं, ते नव्हते. ते आमच्यासारखे अलीकडे उभे राहून बघत होते.

मी काकीकडे बघायचं धाडस केलं. ती ताठ बसली होती, डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायचं तिच्या ध्यानात नव्हतं. गावकर म्हणाले, "जा काय वाकडा आसात ता सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," काका म्हणाले, आणि त्यांच्याबरोबर काकीही म्हणाली. जन्मात पहिल्यांदा.

मग देवबागची म्हातारी म्हणाली. मग सगळेच.

गाऱ्हाणं संपलं. गणपती यायच्या आत काकीनं हात वर केला. "परत लाव." मी मागे नेलं, परत लावलं. संपलं की परत. त्या दुपारी दशावतार कुणी बघितलाच नाही. देवाला एकाच कामासाठी दोनदा हाक मारायची नाही, हा काकांचा नियम, आणि त्यांच्याच आवाजात आम्ही तो संध्याकाळपर्यंत मोडत बसलो.